सतरा नंबरचा फॉर्म

गुरुवारी लेकीच्या बुक बॅगेतून चिठ्ठी निघाली आणि माझं पीठ मळणं तसंच राहिलं. चिठ्ठी मिसच्या हातची. मला त्यातलं प्लीज कळलं, मम म्हणजे आई, तेही कळलं, फ्रायडे कळलं आणि आणखी एक शब्द कळला, फॉर्म. बाकी सगळं अक्षराला अक्षर चिकटवलेलं. मला छापील इंग्रजीच कसंबसं येतं, हे कुठलं वाचायला.

"काय लिहिलंय गं?"

"मिस म्हणाला, मम पाहिजे," लेक म्हणाली. आठ वर्षांची आहे, इकडेच इंग्लंडमध्ये जन्मली, तिच्या मराठीत मिस पण म्हणाला आणि बस पण आला.

"कशाला पाहिजे?"

"आय डोन्ट नो. आई, हात धू ना, चिठ्ठीला पीठ लागला."

मला घामच फुटला. कारण मला वाटलं, सापडले मी. इकडे मुलांना रोज घरी पुस्तक वाचायला देतात, ते आईबापाने ऐकायचं आणि रीडिंग रेकॉर्डमध्ये लिहून सही करायची. लेक भराभरा वाचते, मी मान हलवते, मला दहातली दोन वाक्यं कळतात. आणि खाली मी रोज लिहिते, रीड वेल. ते दोन शब्द ह्यांनी पहिल्या दिवशी लिहून दिले होते, त्यांचीच नक्कल मी दोन वर्षं करतेय. आता मिसच्या लक्षात आलं असणार की ह्या बाईला काही येत नाही. इकडच्या मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला बोलतात ना, इकडे आईचं काही चुकलं तर कौन्सिलची माणसं घरी येतात, फॉर्म भरून घेतात, मुलं घेऊन जातात. खरं-खोटं माहीत नाही, पण फॉर्म शब्द तर चिठ्ठीत होता.

आणि त्याहून मोठी भीती म्हणजे लेकीची. तिला मी सांगितलेलं, मी दहावी पास. खरं तर मी नववीतून घरी बसले. आत्याच्या मुलाशी, म्हणजे ह्यांच्याशी, लग्न जमलं, हे इंजिनिअर, म्हणून आत्या म्हणाली, दहावी तरी करून टाक. हे सगळं ह्यांना माहीत आहे, लेकीला नाही. आधीच ती काही विचारायला येते आणि मध्येच थांबते, "राहू दे, बाबाला विचारते." हे एवढंसंच वाक्य, पण मला रोज लागतं. तिला कळलं तर ती विचारायलाही येणार नाही.

ह्यांना मेडनहेडच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले, "अगं मीटिंगमध्ये आहे, फोटो पाठव." फोटो काढला आणि पाठवलाच नाही. पाठवला असता तर त्यांनी वाचून दाखवलं असतं, संपलं असतं. पण काय लिहिलंय ते ऐकायचीच हिंमत नव्हती.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी गेले ती सगळी फाइल घेऊन. तिघांचे पासपोर्ट, लेकीचा जन्माचा दाखला, इंजेक्शनांचं लाल पुस्तक, घराचं कौन्सिल टॅक्सचं पत्र. बेसिंगस्टोकमध्ये तेव्हा बारीक पाऊस लागलेला, फाइल मी कोटाच्या आत धरलेली. प्लेग्राउंडवर शेजारची कोरियन बाई भेटली, तिची मुलगी माझ्या लेकीच्याच वर्गात. ती हसली, मला हसूच येईना.

वर्ग रिकामा. मिस मुलांच्या इवल्या खुर्चीत बसलेली, मलाही तशीच खुर्ची, गुडघे पार छातीपाशी. लेक मध्ये उभी, आमच्या दोघींचं बोलणं इकडून तिकडे करायला. मी फाइल पुढे ठेवली. मिस फाइलकडे बघतच राहिली. मग तिने टेबलावर लेकीचा चार्ट पसरला.

हा चार्ट म्हणजे त्यांचा होमवर्क होता, विषय होता मोठे नेते लहान असताना. लेकीने कोरियातली एक बाई घेतली, आता त्यांच्याकडे मोठी पुढारी आहे. तिची गोष्ट मला ह्याच शेजारणीने शाळेतून येता येता सांगितली होती. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणून तिचं मला सगळं कळतं. ती पुढारी बाई लहानपणी समुद्राकाठच्या गावात आईबरोबर मासे वाळत घालायची. धाकट्या भावंडांची शाळा चालावी म्हणून हिची बंद केली आणि सुताच्या गिरणीत पाठवली. तिने म्हणे शाळेच्या ड्रेसची पांढरी कॉलर स्वतः शिवलेली आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या घरात घालून बसायची. मग जुनी पुस्तकं आणून अभ्यास. शेजारीण हात हलवून म्हणाली, "स्कूल नो, एक्झाम येस." मी लगेच म्हटलं, "हां हां, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म!" ती पण म्हणाली, "येस, येस!" तिला काय कळलं देव जाणे.

लेकीला हे सतरा नंबरसकट सांगताना मी एवढी खुशीत होते. बाबाला न विचारता मला काहीतरी माहीत होतं.

मिसने चार्टवर बोट ठेवलं. लेक म्हणाली, "आई, मिस म्हणतो, हे काय आहे? शी वॉज इन फॉर्म सेव्हन्टीन. इकडे फॉर्म म्हणजे क्लास. सिक्स्थ फॉर्म असतो. सेव्हन्टीन नसतोच."

एवढंच होतं. फाइल, घाम, कौन्सिल, सगळं ह्यासाठी. हसायला पाहिजे होतं, पण मला कळलं की आता सांगावं लागणार.

"अगं तो क्लास नाही," मी म्हटलं. "शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचं असलं की आपल्याकडे जो कागद भरतात तो. त्याचा नंबर सतरा."

लेकीने सांगितलं. मिस ओह म्हणाली, छान हसली. मला वाटलं सुटले. पण लेक माझ्याकडे वळली.

"तुला कसं माहीत?"

बाबाकडे बोट दाखवता आलं असतं. मी तोंड उघडलं पण, आणि वेगळंच बाहेर आलं.

"मी पण भरलेला."

"तू तर शाळेत जायची ना?"

"नववीपर्यंत."

मिस आमच्या तोंडाकडे बघत होती. लेकीने तिला काही सांगितलं नाही. तिने मलाच विचारलं, हळू, "मग पास झाला?"

हॉल तिकीट मिळालेलं. इंग्रजीच्या पेपरला गेटापर्यंत गेले, आत सगळ्या माझ्याहून लहान मुली, युनिफॉर्ममधल्या, आणि मी साडीत. माझे पाय तिथूनच परत फिरले. हे सगळं त्या इवल्या खुर्चीत बसून कसं सांगू? मी म्हटलं, "पेपरला गेलेच नाही. घाबरले."

तिने बुक बॅग खांद्याला लावली. आम्ही घरी निघालो. मी तिचा हात धरलेला, तो तिने काढून घेतला नाही, पण माझं सगळं लक्ष त्या हातातच होतं.

घरी आल्यावर तिने चार्ट काढला. सोमवारी कॉरिडॉरमध्ये लावणार होते सगळ्यांचे, मंडळातल्या दोघींची मुलं पण त्याच शाळेत, त्या बघणारच. तिने फॉर्म सेव्हन्टीनवर पांढरा कागद चिकटवला, पेन्सिल घेतली आणि बाबाची वाट न बघता मला विचारलं, "आई, एक्झॅक्टली कसं असतो ते? नीट सांग."

मी सांगितलं. ती लिहीत गेली. मग पेन्सिल थांबली.

"खाली लिहू, माझी ममने पण हा फॉर्म भरला?"

गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी गॅस बंद करायला उठले नाही.

"लिही," मी म्हटलं. "पण पास झाली असं नको लिहूस."