जनरलची रेघ

आमच्या शाळेच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्याही वर, कोळशाची एक रेघ होती. कोवे गुरुजींनी स्टुलावर चढून मारलेली. स्वतः गुरुजी जेमतेम पाच फूट. "फ्रान्सचा जनरल एवढा उच्चा होता," असं सांगून ते प्रत्येक नव्या पोराला तिथं टेकवून मोजत. "लय वाढाचं हाय अजून तुले!"

महायुद्धाचा धडा पुस्तकात दोन पानांचा, गुरुजींचा आठवडाभर चाले. "सरकार म्हणे, आपण हरलो. हा म्हणे, तुमी हरले असान, मी नाई! अन् परदेशी जाऊन रेडिओवरून लोकाइले धीर देत बसला." मग आवाज उतरे. म्हातारपणी त्यानं लोकांचा कौल मागितला, लोक नाही म्हणाले, तर खुर्ची सोडून आपल्या खेड्यात निघून गेला. "लोकाइनं नाई म्हटलं का चप्पल घालाची अन् निंघाचं. रुसाचं नाई."

मोहर्लीच्या पलीकडे, जंगलाच्या पोटात आमचं गोंडांचं गाव. वाघांसाठी ते हलवायचं ठरत होतं, तेव्हा निवृत्त गुरुजी ग्रामसभेचे अध्यक्ष होते. सभा त्याच शाळेत भरली, गुरुजी एकटेच अडून बसले. "घरं टेम्पोत बसतीन. देव बसतीन का?" आमच्यात हात मोजायची रीत नाही, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं. म्हणजे गुरुजींचा एकट्याचा नकारही पुरला असता. पण जनरलचा चेला ना! "ज्याले गाव सोडाचं हाय त्यानं हात वर करा," म्हणाले. "जास्त हात पडले तर मी उद्यापासून अध्यक्ष नाई."

माझी वहिनी बाळंतपणात, दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली होती. मी उभी राहिले. शाळेत असताना ज्या रेघेला माझं बोट कधी पोचलं नव्हतं, तिच्याही वर त्या दिवशी माझा हात गेला. मान मात्र खाली. गुरुजींची लाडकी पोरगीच उठली म्हटल्यावर काय, धडाधड हात वर झाले. गुरुजी हसले आणि चपला घातल्या.

नव्या वसाहतीत दवाखाना हाकेच्या अंतरावर. माझी मुलगी तिथंच झाली, सुखरूप. पेढे घेऊन गेले तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते.

"तोंड काऊन लपवतं, पोरी? बराबर केलं तू." पेढा हातातच धरून म्हणाले, "फक्त, त्या जनरलले वापस जाले गाव होतं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. "भाषण नोको, साहेब लोक नोको, गावचेच लोक पाह्यजे," असं सांगून ठेवलं होतं, तेही जनरलचंच; त्यानंही आपल्या मरणासाठी असंच लिहून ठेवलं होतं. जिथं त्यांच्या माणसांपैकी कोणीच पुरलेलं नाही, अशा मातीत आम्ही त्यांना पुरलं. मीही मूठभर माती घातली. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर हात मी वरच करीन, खोटं कशाला बोलू? पण या खेपेला त्यांच्याकडे बघून करीन, असं रोज ठरवते. आणि रोज माझी मान खालीच जाते.