केर काढायच्या वेळेचं वायफाय

वायफाय रोज पावणेपाचलाच जायचं. अधूनमधून गेलं असतं तर मी रेंजला शिव्या घालून मोकळी झाले असते. पण घड्याळ बघून जाणाऱ्या वायफायला काय म्हणायचं?

गडमुडशिंगीत सासरी राहून मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची नोकरी मला नुकतीच लागली होती. लेक झाल्यावर पाच वर्षांनी मिळालेली पहिली नोकरी. पंधरा दिवस चाचणीचे, तास रोज पाचला. दोनदा मी वीस मिनिटं उशिरा उगवले, तेव्हा कंपनीच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तिसऱ्यांदा असं झालं तर आपण इथंच थांबूया." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मी साडेचारला सगळं लावून ठेवायचे आणि चहा करायला आत जायचे. परत येऊन बघते तर लॅपटॉप जागच्या जागी उघडा, पण वायफायचं चिन्ह गायब. राउटर बंद-चालू करून झाला. लॅपटॉप रीस्टार्ट केला की यायचं, बहुतेकदा कसंबसं पाचच्या आत, पण आमचं ते जुनं धूड सुरू होईस्तोवर म्हशीची धार काढून होते. मोबाइलवर आमचा शिकवायचा ऑनलाइन फळा उघडत नव्हता. लॅपटॉप कोल्हापुरात राजारामपुरीत दुरुस्तीला नेला, तर तिथं अगदी शहाण्यासारखा वागला. "झकास चालतंय की वहिनी," दुरुस्तीवाला म्हणाला, आणि बिघाड माझ्यातच असावा असं माझ्याकडं बघत राहिला.

शेवटी एके दिवशी चहा गेला खड्ड्यात म्हटलं आणि दाराआड उभी राहिले. पावणेपाचला आत्या केरसुणी घेऊन आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. दिवेलागणीच्या आत केर काढायचा, नाहीतर लक्ष्मी जाते, हा त्यांचा नेम. आणि झाडायच्या आधी उघडं असेल ते झाकायचं. त्यांनी पाण्याच्या तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि त्याच हातानं लॅपटॉप मिटला.

माझं टाळकंच सरकलं. "आत्या, नोकरी घालवताय माझी," मी ओरडले.

"अगं, धूळ जाईल म्हणून झाकलं," त्या गोंधळून म्हणाल्या. "झाडून झालं की रोज उघडून ठेवते की, हाय तसं."

भांडायलाही वेळ नव्हता. इतके दिवस मी मोबाइलवर 'वायफाय जातं' एवढंच शोधत होते. आता 'झोपेतून उठल्यावर वायफाय येत नाही' असं शोधलं आणि कोडं सुटलं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, वीज वाचवायला वायफायचं कार्डही झोपवतो. मग लॅपटॉप उठतो, कार्ड उठत नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमधला डिव्हाइस मॅनेजर उघडला, कार्ड डिसेबल करून परत इनेबल केलं, आणि वीज वाचवायला ते बंद करायची परवानगी होती तिथली टिक काढून टाकली. चिन्ह आलं. पाचला दोन मिनिटं कमी होती.

तासभर मुलांना अपूर्णांक शिकवले. तेवढा वेळ आत्या दारात बसून होत्या, कुणाला आत येऊ देईनात. लेकीलाही त्यांनी डोळ्यांनीच परत पाठवलं. तास संपला तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि खोली तशीच, न झाडलेली. ओरडल्याची मला फार लाज वाटत होती.

"आत्या, चुकलं माझं. तुमचा केर राहिला."

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी जाऊ ने म्हणून रोज झाडत हुते, आणि घरात आलेली मीच झाकून ठेवत हुते बघ."

मला हसूही आलं आणि रडूही. मी तिथंच, त्या केरात, त्यांना टेकून बसले.