खटल्याआधीचा निकाल

माझी आत्या कोर्टात भाषांतरकार होती. परदेशांतून येणारे कागद तिने सव्वीस वर्षं आपल्या भाषेत उतरवले, पण घरी त्याबद्दल एरवी चकार शब्द काढला नाही. तिचा एक हट्ट होता: गठ्ठ्यातलं प्रत्येक पान उतरवायचं. शिक्का, खाडाखोड, सगळं. पान कोरं असेल तर ‘हे पान कोरं आहे’ असं लिहून खाली सही. कारकून मागून तिला ‘कोरंबाई’ म्हणायचे. ती त्यांना हिंग लावून विचारत नसे.

त्या वर्षी शेजारच्या देशाने एका शाळामास्तरला परत मागितलं. त्याने तिकडच्या मंत्र्याविरुद्ध पुस्तिका लिहिली होती आणि जीव घेऊन इकडे पळून आला होता. आरोप मात्र शाळेला आग लावल्याचा! वॉरंटसोबत हमीपत्र होतं: आमची न्यायालयं स्वतंत्र आहेत, खटला रीतसर चालेल. आत्याला ते वाचून बरं वाटलं. तिचा कागदावर विश्वास होता. माझा तेव्हाही नव्हता.

अठ्ठेचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला. तो निकाल होता. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, बावीस वर्षं सक्तमजुरी. खाली न्यायाधीशांची सही आणि शिक्का. तारखेची जागा तेवढी रिकामी. आणि आरोपी इथे, आमच्या तुरुंगात! खटला अजून उभाच राहिला नव्हता. तिकडच्या कुणा कारकुनाने फाइल उचलून आहे तशी पाठवली होती.

आत्या घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. “अगं, साक्षीदार काय काय बोलले, तेसुद्धा लिहिलंय त्यात,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी तिला जिन्यात गाठलं.

“बाई, ते पान चुकून आलंय हो. तेवढं गाळा ना.”

“गाळते की. ‘अठ्ठेचाळिसावं पान गाळलं’ असं लिहून सही तुम्ही करा.”

वकिलांनी काढता पाय घेतला.

कोर्टाने तिकडून खुलासा मागवला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, आणि आत्या ते भर कोर्टात वाचायला उभी राहिली. मी मागच्या बाकावर होते. मला वाटलं, कानांवर हात ठेवतील, असा निकालच नाही म्हणतील. खोटं बोलण्याइतकी तरी लाज असेल.

“सदर निकाल नजरचुकीने जोडला गेला, याबद्दल दिलगीर आहोत. मूळ प्रत आरोपीसोबत परत पाठवावी. सुनावणीच्या दिवशी ती लागेल.”

न्यायाधीशांनी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाले, “या माणसाला पाठवायचं नाही.”

मास्तरला सोडताहेत हे आत्याने त्याच्या भाषेत सांगितलं. तो पिंजऱ्याचा कठडा धरून तसाच उभा राहिला. मग हळूच त्याने तिला विचारलं, “त्या खटल्यात मी काय बोललो होतो?”

आत्याने पान उलटून शोधलं.

“‘आरोपीला काहीही सांगायचं नाही.’”