कोपरच्या आजींचं इंग्रजी

सानिका, निहार, तुमच्या कोपरच्या आजींना जाऊन दीड महिना झाला. त्या दिवशी सकाळी आजोबांचा फोन आला, "झोपेतच गेली," एवढंच म्हणाले. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीतच लिहिते आहे. आई वाचून दाखवेल. आत्ता लिहायचं कारण असं, की गेल्या आठवड्यात निहारने विचारलं, आजी इंग्रजी कुठे शिकली?

कुठेही नाही, निहार. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. दर रविवारी त्या घोडबंदर रोडला माझ्याकडे यायच्या, आम्ही तुम्हाला तिकडे परदेशात व्हिडिओ फोन लावायचो, आणि 'हॅलो' झालं की त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी दोन्हीकडचं भाषांतर करायचे. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "विहीणबाई, नातवंडं माझी आणि बोलता तुम्हीच. मला एक शब्द द्या. एकच. पण दणकट हवा."

मी 'टेक' दिला. औषध, आंघोळ, बस, फोटो, विश्रांती, काळजी... कुठे कुठे चालतो ते सांगत होते, तर मधेच थांबवून म्हणाल्या, "कळलं. आपलं 'घे'. पुढचं मी बघते." आणि बघितलंच. खाऊन घे म्हणजे 'टेक ईट', झोपून घे म्हणजे 'टेक स्लीप'. मी कपाळाला हात लावला की म्हणायच्या, "मास्तरीणबाई, पोरं जेवली ना? मग झालं तर!"

सानिका, तुझी मांजर गेली तेव्हा तू कुणाशी बोलेनास, डोळ्यांत टिपूस नाही. आई घाबरली होती. मी फोनवर तुला अगदी शुद्ध इंग्रजीत समजावत होते आणि तू नुसतं 'ओके, आजी' म्हणत होतीस. विहीणबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "सानू," त्या म्हणाल्या, "टेक क्राय."

रडून घे. इंग्रजीत असं म्हणत नाहीत हे मला ठाऊक होतं, तुलाही होतं. तू रडलीस... खूप वेळ. त्या तोंडाला पदर लावून फोनच्या पडद्यावर तुझ्यासमोर बसून राहिल्या. मी काही बोलू गेले तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

आता रविवारी मी कोपरला जाते. आजोबांना इंग्रजीचा गंध नाही. ते मराठीत विचारतात, तुम्ही जमेल तसं उत्तर देता, मी आत चहा टाकते. रविवारचा फोन चालू आहे, आणि मधे कुणी भाषांतर करत नाही.