निर्गुडीचा शेक

चिकनगुनियाचा ताप उतरला, पण सांधे काही सुटेनात. सकाळी उठले की माझ्या मुठी वळायच्या नाहीत आणि कशाबशा वळल्या तर उघडायच्या नाहीत. दिग्रसला एका कचेरीत माझं दिवसभर कॉम्प्युटरवर काम. तिथे शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझी निम्मी कामं न बोलता उरकून टाकायची. घरी कणीक नवरा मळायचा. ब्लाउजचे हुक लावायलाही त्यालाच हाक मारावी लागायची. पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो. महिना उलटल्यावर मला त्या हाकेचीच लाज वाटू लागली.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं दबायचं, पण पोटात आग पडायची. मग मैत्रिणीनंच बाजाराजवळच्या वैद्यबाईंचं नाव सुचवलं. वयानं माझ्याहून लहान, आयुर्वेदाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्यांनी आधी माझे रक्ताचे रिपोर्ट वाचले, मग नाडी पाहिली. झोप, भूक, शौच, राग, सगळं विचारलं. इतक्या सावकाश मला कुणी माझ्याबद्दल विचारून किती दिवस झाले होते, हे तेव्हा लक्षात आलं.

"घरी काही घेता का?" त्यांनी विचारलं.

"गुळवेलीचा काढा," नवरा उत्साहानं म्हणाला. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं म्हणून शेजारच्या कडुनिंबावरचा वेल तो रोज कापून उकळत होता. पिशवीत नमुना आणलाच होता. वैद्यबाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि बाजूला ठेवला.

"ही गुळवेल नाही."

त्यांनी टेबलाखालच्या बरणीतून खऱ्या गुळवेलीचा तुकडा काढला. वरची कागदासारखी साल नखानं सोलली, तर आत हिरवं दिसलं. मग तो आडवा कापून दाखवला. चाकाला आरे असावेत तशा रेषा मधून बाहेर निघालेल्या.

"मग हिले मी इतके दिवस काय पाजलं?" नवऱ्याचा चेहरा उतरला.

"ते मलाही माहीत नाही. म्हणूनच आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "आणि खरी गुळवेलसुद्धा सगळ्यांना चालते असं नाही. औषध आधी माणूस बघतं."

मग त्यांनी माझ्या तळहातावर हिरड्याची चिमूटभर पूड ठेवली. "गिळू नका, जिभेवर राहू द्या." आधी तोंड तुरट झालं, मग कडवट, मागून आंबट आणि सगळ्यात शेवटी किंचित गोड. त्या सांगत होत्या, की आयुर्वेदात वनस्पतीची पहिली ओळख चवीनं होते. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा चवी. हिरड्यात खारट सोडून बाकी सगळ्या आहेत. प्रत्येक चव शरीरात काहीतरी वाढवते, काहीतरी कमी करते. माझ्या अंगात वात वाढलाय, थंड-कोरडं झालंय, म्हणून उष्ण आणि स्निग्ध द्यायचं. सुंठीच्या काढ्यात थोडं एरंडेल, गरम जेवण, आणि सांध्यांना निर्गुडीच्या पाल्याचा शेक.

"बरं होईल ना?" मी विचारलं.

"या तापानंतरचं दुखणं बऱ्याच जणांचं हळूहळू जातंच. मी त्याला जरा हात देते, एवढंच."

या साध्या उत्तरानं मला गोळ्यांपेक्षा जास्त धीर आला.

बाहेर बाकावर एक म्हातारी बाई गुडघा चोळत बसली होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण. मी नवऱ्याला निर्गुडी कुठे मिळेल हे विचारत होते, ते तिनं ऐकलं.

"निर्गुडी कायले इकत घेता? आमच्या धुऱ्यावर लय हाये. रविवारी ये तांड्यावर."

कुणी अनोळखी बाई असं सहज बोलावते आणि आपण खरंच जातो, असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. पण त्या रविवारी आम्ही स्कूटरवरून तिच्या बंजारा तांड्यावर गेलो. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निर्गुडीची झुडपं दाट माजली होती. एका देठाला पाच बोटांसारखी पानं, मागून राखाडी, चुरगळली की उग्र वास. त्या म्हाताऱ्या मावशीच्या सुनेनं ओटीभर पाला खुडला. ती सासूला 'याडी', म्हणजे आई, म्हणायची आणि दोघी आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायच्या. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. फक्त माझ्या हातांबद्दल चाललंय एवढं कळत होतं.

मावशीनं तव्यावर पाला गरम केला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला. मग माझा हात मांडीवर घेऊन एकेका बोटाला शेक द्यायला लागली. बांगड्या मंद वाजत होत्या. उष्णता आत झिरपली आणि माझे डोळे वाहू लागले.

"काहून वो? भाजलं का?"

"नाही मावशी. बरं वाटतंय."

"मंग रड. रडल्यानंबी मोकळं होते."

तेव्हापासून दर रविवारी जाणं सुरू झालं. येताना पाल्याची पिशवी भरून आणायची, रोज सकाळी नवरा शेक द्यायचा. दिवाळीच्या आसपास एका सकाळी मी आंघोळ करून आले, कपडे केले, केस विंचरले आणि चहा ठेवायला गेल्यावर नवरा दारातून म्हणाला, "आज हाक नाही मारली?" हुक माझे मीच लावले होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पण मावशीचा गुडघा सुधारत नव्हता. तेल, लेप, पथ्य, सगळं मनापासून करूनही ती आता दोन्ही हातांनी भिंत धरून चालायची. वैद्यबाईंनी एक्स-रे काढायला लावला आणि तिला नि मला समोर बसवून सांगितलं, "मावशी, तुमच्या गुडघ्यातली गादी झिजून गेली आहे. माझ्या पाल्यानं ती परत येणार नाही. ऑपरेशनच करावं लागेल."

मावशी माझ्याकडे वळली. "मले भेव लागते बाई. यवतमाळच्या दवाखान्यात मले कोन वयखते?"

"मी येते ना," मी म्हणाले.

मी रजा टाकली. ऑपरेशनच्या दिवशी तिची सून आणि मी बाहेर बसलो होतो. सुनेनं भाकरी आणली होती, मी मटकीची उसळ. दोघींनी एका डब्यात खाल्लं. मावशीचा मुलगा आत ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबलेला. डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळं व्यवस्थित झाल्याचं सांगितलं, तेव्हा सुनेनं माझा हात इतका घट्ट दाबला, की काही महिन्यांपूर्वी मी ओरडलेच असते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं मावशीला उभं केलं. वॉकर धरून तिनं पलंगापासून खिडकीपर्यंत चालून दाखवलं. घाम आला होता, ओठ आवळलेले होते. मी तिच्या पाठीमागे हात पुढे करून उभी होते, पण तिनं आधार घेतला नाही. खिडकीशी पोचल्यावर बाहेरची बसस्टँडकडे जाणारी माणसं ती बराच वेळ बघत राहिली. वैद्यबाईंचा फोन आला होता, तो मी तिच्या कानाला लावला.

"मी चालली वो म्याडम," मावशी फोनवर इतक्या मोठ्यानं म्हणाली, की सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. "तुमीच धाडलं म्हणून चालली."

आणि मग वॉकरवरचा एक हात सोडून तिनं माझा खांदा धरला, परत पलंगाकडे जायला.