आर्लिसनं न उच्चारलेला आकडा

आर्लिस ट्वाइट बरण्या भरायला शिकवते, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. वय सदुसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, हातांना कायम व्हिनेगरचा वास. फरसबी, बीट, मक्याचे दाणे, हरणाचं मटण. हिवाळ्यासाठी काचेच्या बरणीत बंद करता येईल ते सगळं तिनं चाळीस वर्षं बंद केलं आणि निम्म्या गावाला शिकवलं.

तिची एक अट असायची. प्रेशर कॅनरचं, म्हणजे भरलेल्या बरण्या ज्यात शिजवून बंद करतात त्या मोठ्या कुकरचं, झाकण लावण्याआधी दाबाचा आकडा तीनदा मोठ्यानं म्हणायचा. आमचं गाव मोंटानाच्या डोंगरात, चार हजार फुटांवर. इथं पाणी कमी उष्णतेला उकळतं, म्हणून पंधरा पौंड दाब लागतो. खाली सपाटीवर दहा पुरतो. इथं दहावर ठेवलेल्या फरसबीत असं विष होऊ शकतं की ज्याला वास नाही, चव नाही, आणि जे माणसाचा श्वास थांबवतं. मी लग्नाआधी तिच्याकडे शिकायला गेले तेव्हा आकडा नुसता पुटपुटले. ती म्हणाली, "नॅडीन, कॉलेजात शिकलीस ना? मग तोंड उघड."

दोन वर्षांपूर्वी ती हेच व्हिडिओवर शिकवू लागली. चित्रात फक्त तिचे हात, वरून आवाज. पण कधी फ्रिजची घरघर मध्ये यायची, कधी शेजारचा कुत्रा, कधी नवरा रोआल्डचा खोकला. एक वाक्य बिघडलं की पुन्हा सगळी तयारी. मग व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला नवी सोय सापडली. त्यानं दिलेली काही वाक्यं तिनं वाचून दाखवली. त्यातच एक वाक्य होतं की हा माझाच आवाज आहे आणि माझी परवानगी आहे. त्यानंतर ती नुसतं टाइप करायची आणि तिचा आवाज ते बोलायचा. पहिल्याच दिवशी तिनं "रोआल्ड, कचरा बाहेर ठेव" असं टाइप केलं. गॅरेजमधून रोआल्ड ओरडला, "ठेवला गं, किती वेळा सांगशील!" ती ही गोष्ट महिनाभर सगळ्यांना सांगत होती. आम्ही हसलो होतो.

सपाटीवरच्या लोकांनी मागणी केली म्हणून तिनं फरसबीच्या व्हिडिओची त्यांच्यासाठी वेगळी प्रत केली. लिखित मजकुरात चार ठिकाणी पंधरा खोडून दहा टाइप केलं. आवाज आपोआप बदलला. जुलैत दोन्ही प्रती इंटरनेटवर चढवताना त्यांची अदलाबदल झाली. "डोंगरातल्या गावांसाठी" या नावाखाली दहा पौंडवाली प्रत गेली. तिनं ती एकदा ऐकली होती, भांडी विसळता विसळता. आपलाच आवाज, त्यात काय तपासायचं?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. आयडेला नावाची एक तरुण बाई थाळी घेऊन आर्लिसजवळ आली आणि तिचे आभार मानू लागली. आम्ही सगळे उगाच पंधरावर नेत होतो, दहानं काम भागतं हे तुझ्यामुळे कळलं, म्हणाली.

आर्लिस हसली. "बाई, असं मी मेले तरी म्हणणार नाही."

आयडेलानं फोनवर व्हिडिओ लावला. "दहा पौंड," आर्लिसचा आवाज म्हणाला. तोच खर्ज, 'पौंड'वरचा तोच झटका. आर्लिसनं हातातली थाळी टेबलावर ठेवली, तीही अर्धी बाहेर. थाळी खाली पडली तरी तिनं बघितलं नाही. "हे मी म्हटलेलं नाही," ती मला म्हणाली. "नॅडीन, हे माझ्या तोंडातून निघालंच नसतं."

मी तोवर पर्समधून फोन काढला होता. माझी मुलगी मारेन मिझूला शहरात कॉलेजात शिकते. ऑगस्टमध्ये तिनं माझ्याच शेगडीवर, मी कामावर असताना, याच व्हिडिओवरून फरसबी भरली होती. आर्लिसकडे जाऊन शिक, असं मी म्हटलंही नव्हतं. व्हिडिओ आर्लिसचाच होता ना. आठ बरण्या ती घेऊन गेली होती.

तिनं चौथ्या वेळेला फोन उचलला. एक बरणी उघडली होती, आदल्याच दिवशी. खाण्याआधी उकळली होतीस का, मी विचारलं; नीट उकळलं तर ते विष जातं. "सॅलडमध्ये कोण उकळतं, मॉम?"

आर्लिसनं माझ्याआधी गाडी काढली, मी तिच्या शेजारी बसले. चार तासांच्या रस्त्यात ती एकदाच बोलली: आयडेला बोलली नसती तर. डॉक्टरांनी मारेनला तपासलं, अजून काही लक्षण नाही म्हणाले. पण ते दहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतं. एकाचे दोन दिसू लागले, पापणी जड झाली, बोलताना जीभ अडखळली, तर मिनिटभरही न थांबता यायचं. उरलेल्या बरण्या आर्लिसनं हातमोजे घालून स्वतः पिशवीत बांधल्या.

घरी आल्यावर तिनं तो व्हिडिओ काढून टाकला आणि त्याखाली लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळवायला बसली. दोनशेच्या वर लोक होते. ऐंशी जणांनी उत्तर दिलं. मग शेगडीसमोर उभी राहून तिनं नवा व्हिडिओ केला, या वेळी चेहरा दाखवून, स्वतःच्या तोंडानं. आवाज थरथरत होता, मधेच तिला पाणी प्यावं लागलं. पंधरा, पंधरा, पंधरा. तासाभरात खाली कुणीतरी लिहिलं: ही आर्लिस वाटत नाही, कुणीतरी तिची नक्कल केली आहे, जुनाच व्हिडिओ बरोबर होता.

तिनं ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "आता ही मीच आहे हे कसं पटवू?"

ती बरणी उघडल्याला आज सहावा दिवस. मारेन दर चार तासांनी फोन करते आणि पुस्तकातला एक परिच्छेद मला वाचून दाखवते. जीभ कुठं जड होते का, ते मी स्पीकरवर ऐकते. समोर आर्लिस बसलेली असते. तीही ऐकते, डोळे मिटून. मारेन आता कंटाळली आहे. काल म्हणाली, "मॉम, उद्या सकाळी माझी परीक्षा आहे. आत्ताच वाचून रेकॉर्ड करते, तू सकाळी ऐक. काय फरक पडतो?"

मी काही बोलायच्या आत आर्लिसनं माझ्या हातातून फोन घेतला. "परीक्षेला उशीर झाला तरी चालेल," ती म्हणाली. "तू सकाळी फोन करून तेव्हाच वाच, पोरी."