काचेची खरखरीत बाजू

काचवाल्या काकांचा आवाज आधीच खणखणीत, त्यात लेकीच्या वर्गात पाहुणे म्हणून बोलावणं आलेलं. मग काय विचारता! चाळीस वर्षं काचा कापल्या, बसवल्या. आज स्वारी पोरांना प्रकाश शिकवायला निघाली. लेक, म्हणजे वर्गाच्या बाई, मागे उभी राहून गालातल्या गालात हसत होती.

"साधी काच प्रकाशाला अडवत नाही, सरळ जाऊ देते. लाकडी फळी जाऊच देत नाही, म्हणून तिची सावली पडते. आणि ही दुधी काच? हिची एक बाजू खरखरीत. तिथल्या बारीक खाचांवर प्रकाश आपटतो आणि वाट फुटेल तिकडे पांगतो. म्हणून उजेड येतो, पण पलीकडचा माणूस दिसत नाही."

मग त्यांनी ओलं बोट खरखरीत बाजूवर फिरवलं. तेवढी काच लख्ख झाली आणि त्यातून काकांचा डोळा दिसला. पोरं ओरडलीच. काका म्हणाले, "पाण्यानं खाचा भरल्या, प्रकाशाला सरळ वाट मिळाली!"

"काका, आमच्या बाथरूमची काचपण अशीच होते," शिलाईवाल्या ताईंची मुलगी म्हणाली. "पण आई म्हणते, तो भास आहे. तुम्हीच सांगितलंत ना तिला?"

ती खिडकी काकांनीच बसवलेली. घाईत खरखरीत बाजू आत केलेली, पाण्याकडे. काच ओली झाली की आरपार दिसतं, अशी तक्रार घेऊन ताई आल्या, तेव्हा हे जागचे उठलेही नव्हते. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "ताई, काच मला शिकवताय? भास होतो तुम्हाला." चौघं हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हे स्वतः. आता धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

संध्याकाळी हत्यारं घेऊन ते ताईंच्या दारात उभे राहिले. शरमेनं मान वर होईना. "ताई, चूक माझी होती. भासबिस काही नव्हता."

ताईंनी हातातलं शिवण ठेवलं आणि वाट दिली. काच काढून उलटी बसवायला पंधरा मिनिटं लागली. काकांनी आतून पाणी मारलं. काच दुधीच राहिली.

"एवढंच होतं होय?" ताई म्हणाल्या. "बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून वर्षभर दिवा न लावता अंघोळ करतेय मी. लेकीलाही तेच लावलं. आणि काका, मी तिला सांगत राहिले, की तुझ्या आईचं डोकंच जरा कमजोर आहे."